ड्रेपरीची वेबसाईट

डिचोलीच्या बाजारात कापडवाल्यांच्या रांगेमागे ‘रंगशोभा ड्रेपरी’ आहे. ड्रेपरी म्हणजे नाटकाचे कपडे भाड्याने देणारं दुकान. आमच्या डिचोली-पेडण्यात वर्षातून एकदा तरी स्टेज बांधून मराठी नाटक करत नाही असा वाडा शोधावाच लागेल. आणि राजाचा मुकुट, ऋषीची दाढी, फौजदाराचा पट्टा हे काही कुणाच्या घरात पडलेलं नसतं. ते गोकुळदास शेट्यांच्या लाकडी आर्मारांत, म्हणजे कपाटांत, असतं. मी शाळेत शिकवतो. स्नेहसंमेलनाच्या निमित्ताने या दुकानात माझं वीस वर्षांचं जाणं-येणं. तिथेच मला सुमंगला भेटली.

पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती आमच्या शाळेच्या शिपायाच्या छातीला टेप लावून उभी होती. तो त्या वर्षी राक्षस होणार होता. “श्वास सोड,” ती त्याला म्हणाली. “राक्षस झालास तरी दोन तास श्वास कोंडून राहणार नाहीस.”

सुमंगला मळीक कारापूरची. बी.कॉम. झाल्यावर बाविसाव्या वर्षी ती एका खाणीच्या वजनकाट्यावर लागली. ट्रक रिकामा किती, भरलेला किती, किती वाजता सुटला, कुठे पोचायचा, हे सगळं चिठ्ठीवर उतरवायचं आणि चिठ्ठीशिवाय एकही ट्रक फाटकाबाहेर जाऊ द्यायचा नाही, हे तिचं काम. सिंधुदुर्गातून आलेले ड्रायव्हर तिला ‘काट्यावरची बाय’ म्हणत. तिच्याशी हुज्जत घालून काही होत नाही, हे नव्या ड्रायव्हरला जुने आधीच सांगून ठेवत. एकोणीस वर्षं तिने हे काम केलं. खाणी एकदा बंद झाल्या, सुरू झाल्या, पुन्हा बंद झाल्या. दुसऱ्या वेळी तिच्या हातात घरी बसण्याचा कागद आला. वय एक्केचाळीस, लग्न झालेलं नाही, घरी म्हातारी आई वत्सला. आईने लहानपणी शिवण शिकवलेली होती, तेवढ्या भांडवलावर ती गोकुळदासांकडे फाटलेले अंगरखे सांधायला आली.

ती आली आणि दोन वर्षांत महामारी आली. दोन हंगाम कुठे पडदाच उघडला नाही. तिसऱ्या वर्षी नाटकं परत सुरू झाली, पण जुनी गिऱ्हाइकं सगळी परतली नाहीत. म्हापशाकडे एक नवं दुकान निघालं होतं, ते फोनवर कपड्यांचे फोटो पाठवत असे. गोकुळदास फोनवर वर्णन करत. “निळो न्हय रे, मोरपिशी. वयर जर आसा. तू येऊन पळय.” पलीकडचा तरुण ‘बरं’ म्हणून फोन ठेवी आणि बघायला येत नसे.

एका दुपारी सुमंगला म्हणाली, “शेट, आपण वेबसाईट करूया.”

“कित्याक? लोकांक माझो नंबर तोंडपाठ आसा.”

“लोकांना आहे. त्यांच्या मुलांना नाही.”

गोकुळदास चौऱ्याहत्तर वर्षांचे. दुकान वडिलांनी सुरू केलेलं. मुलगा परदेशात, त्याला यात रस नाही. त्यांनी चार दिवस त्या विषयावर तोंड उघडलं नाही. पाचव्या दिवशी उंडो पाव चहात बुडवता बुडवता म्हणाले, “कर. पण माका त्यात ओढू नको.”

असं ते काम तिच्या गळ्यात पडलं. आणि ते तिला हवंच होतं, असं ती मला नंतर म्हणाली. कुणीतरी विचारल्याशिवाय आपण होऊन काही मागितलं, असं तिच्या आयुष्यात क्वचितच घडलं होतं.

तुयेच्या औद्योगिक वसाहतीजवळ देवेश आणि सेजल हे नवरा-बायको वेबसाईट बनवायचं काम करतात. तो आतली यंत्रणा लिहितो, ती दिसणं ठरवते. जून महिन्यात दोघं डिचोलीला आली, आर्मारं उघडून पाहिली, खूश झाली आणि पंधरा दिवसांनी पहिला आराखडा घेऊन हजर झाली. काळी पार्श्वभूमी, त्यावर सोनेरी अक्षरं, मधोमध एक मुकुट, आणि इंग्रजीत लिहिलेलं काहीतरी वारशाबद्दल. दिसायला सुरेख होतं. गोकुळदास चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, “लग्नाच्या पत्रिकेसारकी दिसता.”

सुमंगलेने खालपर्यंत बोट फिरवून पाहिलं. ‘पुरुषांचे पोशाख’, ‘स्त्रियांचे पोशाख’, ‘दागिने’, ‘इतर’ अशा चार पेट्या होत्या.

“राजा कुठे आहे?” तिने विचारलं.

“पुरुषांच्या पोशाखांत,” सेजल म्हणाली.

“लोक इथे येऊन पुरुषांचे पोशाख मागत नाहीत. राजा मागतात. प्रधान मागतात. वकील, सासू, भटजी मागतात. भूमिका मागतात.”

“मग भूमिकांच्या पेट्या करू,” देवेश म्हणाला. “राजा म्हटलं की राजाचे कपडे.”

“तेही जमणार नाही.” तिने आर्मारातून एक हिरवा अंगरखा काढून बांकावर पसरला. “हा सोमवारी सेनापती असतो. बुधवारी दुसऱ्या गावात राजपुत्र असतो. वर काळा शेला टाकला की खलनायक. तुमच्या तीन पेट्यांत तीन ठिकाणी दिसेल, आणि तीन गावं एकाच दिवशी तो मागतील. कपडा तर एकच आहे.”

तिने शिवणाच्या नमुन्याचा तपकिरी कागद घेतला आणि त्यावर काढून दाखवलं. प्रत्येक कपड्याला एक नंबर. नंबर एकदा बाहेर गेला की परत येईपर्यंत सगळीकडून बंद. भूमिका म्हणजे नुसती यादी, ती नंबरांकडे बोट दाखवणार. देवेशने कागद स्वतःकडे ओढला. मग म्हणाला, “ताई, हे तुम्ही कुठे शिकलात?”

“काट्यावर. एक ट्रक दोन ठिकाणी असत नाही.”

तो तपकिरी कागद देवेशने घडी घालून तुयेला नेला. जुना आराखडा टाकून दिला. त्या दिवसापासून तो तिला विचारल्याशिवाय काही ठरवेनासा झाला.

तिने दोन नियम घातले. दर शनिवारी चार वाजता दोघांनी येऊन जेवढं झालं तेवढं दाखवायचं, आणि मधल्या दिवसांत फोनवर कुणीही काही बदल सांगायचा नाही. शनिवारी जे ठरेल ते ती वहीत लिही आणि देवेशची सही घेई. पहिल्यांदा सही करताना त्याला हसू आलं. तिसऱ्या शनिवारी गोकुळदासांनी ‘मी असं बोललोच नाही’ म्हटलं तेव्हा वही उघडून तोच त्यांना लिहिलेलं दाखवू लागला. ‘माका ओढू नको’ म्हणणारे गोकुळदास दर शनिवारी कदेल, म्हणजे खुर्ची, ओढून सगळ्यात आधी बसलेले असत. त्यांना पहिल्याच पानावर वडिलांचा हार घातलेला फोटो हवा होता. सेजलचा चेहरा उतरला. सुमंगला म्हणाली, “शेट, पहिल्या पानावर हार घातला तर लोकांना वाटेल दुकान गेलं.” फोटो ‘आमच्याविषयी’ या पानावर गेला, हाराशिवाय.

देवेशने काम पुरं करायची तारीख चवथीच्या आदल्या दिवशीची धरली होती. ती हसली. “चवथीला गोव्यात वेबसाईट कोण बघणार? गणपतीवर माटोळी बांधणार की फोन बघणार?” तारीख दसऱ्यावर गेली. बरं झालं गेली, कारण खरं काम अजून व्हायचंच होतं.

खरं काम म्हणजे कपडे. एक हजार एकशे बेचाळीस नग. प्रत्येक काढायचा, झटकायचा, फोटो घ्यायचा, मापं घ्यायची, नंबराची पट्टी आतून शिवायची. सांधणं होतं ते सांधायचं. कसर लागलेले बाजूला टाकायचे. नुसता टांगलेला अंगरखा फोटोत उन्हात वाळत घातल्यासारखा दिसे, म्हणून तिने शिंप्याचा एक पुतळा मिळवला. मागच्या खोलीच्या जनेलातून सकाळी अकरापर्यंत बरा उजेड येतो, तेवढ्या वेळात रोज पंधरा-वीस नग उरकायचे. ऑगस्ट आणि सप्टेंबरभर ती हेच करत होती. मी एकदा गेलो तर पुतळ्याला नऊवारी नेसवत होती आणि पिना तोंडात धरलेल्या असल्यामुळे मला नुसत्या मानेने ‘बसा’ म्हणाली.

लोक शोधणार कसे, हाही प्रश्न होता. सेजलने ‘अंगरखा’ असा शुद्ध शब्द घातला होता. सुमंगलेने स्वतःच्या फोनवरचे दोन वर्षांचे निरोप काढले आणि लोक काय काय लिहितात त्याची यादी केली. कुणी ‘आंगरखो’, कुणी ‘राजाचो कोट’, कुणी इंग्रजी अक्षरांत ‘raja dress’. दोनशेच्या वर तऱ्हा निघाल्या. देवेशने एकूणएक घातल्या.

शेवटी प्रश्न आला तारखांचा. गावचे उत्सव तिथीवर चालतात, वेबसाईटचं कॅलेंडर इंग्रजी महिन्यांवर. तारखेखाली तिथी लिहायची असं ठरलं. शिवाय काही गावं अशी, की वर्षानुवर्षं ठरलेल्या तिथीला ठरलेला संच नेतात, विचारतसुद्धा नाहीत. त्यांच्यासाठी ते नंबर आधीच बंद करून ठेवायला हवेत. सुमंगला पंचांग घेऊन गोकुळदासांसमोर बसली. दोन दिवस बसली. त्यांनी डोळे मिटून सतरा गावं सांगितली, तिथीसकट, संचासकट.

“आणखी कोण राहिलं?” तिने विचारलं.

“ना. सगळीं जालीं.”

तिने वही पुढे केली. त्यांनी सही केली.

दसऱ्याला सकाळी वेबसाईट सुरू झाली. दुकानात आपट्याची पानं, पेढे, देवेश-सेजल, शेजारचे दुकानदार. गोकुळदासांनी बटण दाबलं. नंतर तासभर काहीच झालं नाही. सगळे एकमेकांना पेढे देत राहिले. साडेअकराला सुमंगलेच्या फोनवर टिंग वाजलं. पहिलं बुकिंग. राजदरबाराचा पूर्ण संच, पंचवीस जानेवारी. नाव होतं हर्षा गावस, महिला मंडळ, कारापूर.

हर्षा कारापूरच्या अंगणवाडीत आहे. हळदीकुंकवाच्या समारंभात बायकांनीच सगळ्या भूमिका करून नाटक करायचं तिने ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी सव्वीस जानेवारीची सुट्टी, म्हणून पंचवीस. दरबाराचा संच म्हणजे दुकानाचा मुकुटमणी. नऊ पोशाख, आणि त्यांतला राजाचा मरून रंगाचा जरीचा अंगरखा गोकुळदासांच्या वडिलांनी स्वतः शिवलेला. “पयलेंच बुकिंग आणि दरबार!” गोकुळदास म्हणाले आणि त्यांनी आणखी पेढे मागवले.

हंगाम चांगला सुरू झाला. कार्तिक, मार्गशीर्ष गेले. फोन येत, पण आता पलीकडून नंबर येई. ‘ताई, एकशे चार आणि दोनशे बारा ठेवा.’ त्यामुळे जानेवारीच्या वीस तारखेला, शनिवारी, केरीचा सगुण दुकानात शिरला तेव्हा सुमंगला निवांत बटणं लावत बसली होती.

केरी म्हणजे पेडण्याची केरी, तेरेखोलच्या तोंडावरची. सत्तरीतली नव्हे. सगुणची तिथे होडी आहे, पर्यटकांना द्यायच्या दोन खोल्या आहेत, आणि त्यांच्या वाड्यावरच्या पौष पौर्णिमेच्या नाटकात तो गेली वीस वर्षं राजा होतो.

“गोकुळदासबाब, गुरवारी टेम्पो धाडतंय,” तो बसता बसता म्हणाला. “दरबार बांधून ठेयात.”

सुमंगलेच्या हातातलं बटण तसंच राहिलं. गुरुवारी पंचवीस तारीख होती.

तिने वही काढली, सतरा गावं बोटाने मोजली. केरी नव्हती. तिने वही गोकुळदासांपुढे ठेवली. ते वहीकडे न बघता म्हणाले, “केरीचं नाव यादीत कित्याक होया? केरी गिऱ्हाईक न्हय. माझं आजोळ तें.”

त्यांचं म्हणणं असं, की त्यांच्या वडिलांनी दरबाराचा संच शिवला तो सासुरवाडीच्या नाटकासाठी. पौष पौर्णिमेला तो केरीत जातो, हे सूर्य उगवतो तसं. यादीत गिऱ्हाइकं लिहायची होती, म्हणून त्यांनी गिऱ्हाइकं सांगितली.

सगुणला चहा पाजून, ‘काळजी करू नका’ म्हणून त्यांनी त्याला वाटेला लावलं आणि आत येऊन सुमंगलेला म्हणाले, “कारापूरचं रद्द कर.”

“शेट, त्यांना आपण तीन महिन्यांपूर्वी शब्द दिलाय.”

“केरीक माझ्या बापायन दिलो. पन्नास वर्सां जालीं.”

“बायका पहिल्यांदा उभ्या राहतायत. पाच दिवस राहिले. आता त्यांनी काय नेसायचं?”

आणि मग ते बोलून गेले. “तुझ्या गावच्यो बायलो म्हणून तुका पुळको.”

सुमंगलेने बटणांचा डबा बंद केला, वही पिशवीत घातली आणि दुकान बंद व्हायच्या आधी पहिल्यांदाच घरी निघून गेली. एकोणीस वर्षं काट्यावर असताना तिच्या सख्ख्या चुलतभावाचा ट्रक तिने चिठ्ठी नाही म्हणून दोन तास उभा केला होता. तो भाऊ अजून तिच्याशी नीट बोलत नाही. ‘पुळका’ हा शब्द तिला ज्या जागी लागला, ती जागा गोकुळदासांना माहीत नव्हती.

आईने विचारलं, “आज लवकरशी?” ती म्हणाली, “डोकं दुखतंय.” आणि पडवीत बसून फोनवर दुकानाची वेबसाईट उघडली. राग होता, पण दोन नाटकं गुरुवारी उभी राहायची होती आणि ते तिच्याशिवाय कोण निस्तरणार? दरबाराचे एकतीस नग. एकेका नगाला पर्याय शोधत ती बसली. प्रधानाला तो हिरवा अंगरखा चालेल. सेनापतीचं चिलखत दुसरं आहे, जरा डागाळलेलं, ते घासता येईल. राणीला शालू आहे. दासी, भालदार, चोपदार निघाले. दिवेलागणीपर्यंत दुसरा दरबार जवळजवळ जमला. अडला तो राजा. त्या तोडीचा दुसरा अंगरखा दुकानात नव्हता. नवा शिवावा लागणार, तीन दिवसांत. आणि शिवला, तर नवा कुणाला आणि जुना कुणाला?

रविवारी सकाळी ती गोकुळदासांच्या घरी गेली. “मला केरीला जायचंय. तुम्ही येणार तर या. चूक यादीची आहे, यादी मी केली. त्यांच्यापुढे मीच सांगते.”

गोकुळदासांनी तिच्याकडे पाहिलं. मग आत जाऊन टोपी घालून आले. दुकानाच्या व्हॅनमधून दोघं केरीला निघाली. तुये गेलं, पेडणे गेलं. मधे एकदा त्यांनी खिशातून लिमलेटच्या दोन गोळ्या काढून एक तिच्यापुढे धरली. तिने ती घेतली, पण खाल्ली नाही.

सगुण अंगणात उघड्या अंगाने जाळं सांधत बसला होता. त्यांना बघून उठला, “इल्यात? सांगूक नाय!” म्हणत शर्ट आणायला आत धावला. तेवढ्यात सुमंगलेची नजर त्याच्यावरून गेली. मापं घेणाऱ्या माणसाची नजर ती. सप्टेंबरात त्या मरून अंगरख्याचं माप तिने स्वतः लिहिलं होतं, छाती अडतीस. समोरचा माणूस पंचेचाळीसच्या खाली नव्हता.

खुर्च्या आल्या, सोलकढी आली. तिने जे झालं ते सरळ सांगितलं. यादीतून केरी राहिली, दरबार दुसरीकडे दिला गेला, बाकीचे पोशाख तोडीस तोड जमवलेत, राजाचा तेवढा प्रश्न आहे. सगुणचा चेहरा आक्रसला. “दरबार म्हणजे आमचो मान,” तो गोकुळदासांकडे बघून म्हणाला. “वाड्यार काय सांगू?”

गोकुळदासांनी सोलकढीचा पेला खाली ठेवला.

“सगुणदादा, एक विचारू?” सुमंगला म्हणाली. “तो अंगरखा तुम्हाला होतो?”

सगुण शर्टाची बटणं चाचपू लागला. दारात उभी असलेली त्याची बायको तारा मात्र पदर तोंडावर घेऊन हसायला लागली.

“हसतंस कित्या?” तो तिच्यावर खेकसला. मग स्वतःच ओशाळला. “नाय होत. धा-बारा वर्सां झाली. पाठीची शिवण आमची ही उसवता, मगे टाचण्यो मारता, वयसून शेलो. प्रेक्षकांकडे पाठ म्हणून करूची नाय.”

“उसवलेली शिवण दर वर्षी मीच घालते,” सुमंगला म्हणाली. “मला वाटायचं, तलवारीच्या खेळात जाते.”

“पण सांगलंस ना कित्याक?” गोकुळदास पहिल्यांदा बोलले.

“कसा सांगू? तुम्ही मान दितात. मानाक घट्ट जाता म्हणूचा?”

समोर सुरूच्या झाडांमागून भरतीचा आवाज येत होता. गोकुळदासांनी सुमंगलेपुढे हात केला. तिला आधी कळलं नाही. “टेप,” ते म्हणाले. तिने पिशवीतून टेप काढून दिली. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाने उभं राहून सगुणच्या छातीचं, पाठीचं, दंडाचं माप घेतलं आणि आकडे मोठ्याने सांगितले. तिने ते लिहून घेतले. छाती शेहेचाळीस.

“नवो शिवतां,” ते सगुणला म्हणाले. “केरीक म्हणून. बापायन शिवलो तसोच.”

येताना त्यांनी व्हॅन थांबवून रस्त्यालगतच्या हॉटेलात चहा घेतला. चहा पिता पिता ते म्हणाले, “काल तोंडातून गेलें.” एवढंच. सुमंगला म्हणाली, “गेलं ते लागलं, शेट.” त्यांनी मान हलवली. ती मला म्हणाली, की त्यांनी माफी मागितली असती तर तिला अवघडायला झालं असतं. पण लागलं हे तिला सांगायचंच होतं, आणि ते तिने सांगितलं.

सोमवार, मंगळवार आणि बुधवारची दुपार, असे अडीच दिवस. दुकानात गर्द जांभळं किनखापी कापड होतं, एका जुन्या पडद्याचं. कापणी गोकुळदासांनी केली, त्यांचा हात अजून थरथरत नाही. शिवण सुमंगलेने केली आणि वत्सलाबाई कारापुराहून येऊन जरीची पट्टी हाताने टाचत बसल्या. गुरुवारी सकाळी केरीचा टेम्पो आला. दुपारी हर्षा आणि दोघी जणी येऊन मरून अंगरखा घेऊन गेल्या. काय घडलं होतं, याचा त्यांना पत्ताही नव्हता. हर्षाची छाती अडतीसच होती.

कारापूरचं नाटक मी पाहिलं. सात वाजता सुरू झालं. पहिल्या अंकात दोन बायका एकाच वेळी बोलल्या, एकीची मिशी सुटली, पण लोकांनी सांभाळून घेतलं. हर्षाने राजा असा केला की बायका टाळ्या वाजवायचं विसरून बघत राहिल्या. गोकुळदास पहिल्या रांगेत होते. बाईने त्यांच्या वडिलांचा अंगरखा घातलेला बघून त्यांना काय वाटलं असेल, हा माझ्या मनातला प्रश्न. मध्यंतरात ते उठून विंगेत गेले, तेव्हा मला वाटलं काहीतरी बोलणार. ते हर्षाला म्हणाले, “शेलो दाव्या खांद्यार घे. राजाचो दावोच,” आणि येऊन परत बसले. त्याच वेळी केरीहून सुमंगलेच्या फोनवर फोटो आला. सगुण जांभळ्या अंगरख्यात प्रेक्षकांकडे पाठ करून उभा होता.

त्यानंतर दर सोमवारी सकाळी गोकुळदास आपण होऊन बसायला लागले. ‘यादीत नाही ते’ सांगायला. अमक्या मंडळाला पांढरी दाढी देऊ नये, ते ती धुतात. तमक्या गावात राणीला काळा काठ चालत नाही, एकदा अपशकुन झाला होता. अमक्याला फोन दोनदा करावा लागतो, पहिल्यांदा तो ‘हो’ म्हणतो पण ऐकत नाही. सुमंगला ते सगळं लिहून घेते. देवेशने त्यासाठी वेबसाईटच्या आत एक वेगळी जागा करून दिली, फक्त दुकानाला दिसणारी. तिच्यात आता चारशेच्या वर नोंदी आहेत. केरीचा नंबर पहिला.

देवेशने नंतर तिला विचारलं, की ताई, आमच्याकडे याल का? कपडे नकोत, माणसं सांभाळायची. गिऱ्हाईक म्हणतं एक, हवं असतं दुसरं, आणि आम्हाला ते तीन महिन्यांनी कळतं. तिने आईला विचारलं, गोकुळदासांना विचारलं. गोकुळदास म्हणाले, “दोन दीस जा. चार दीस माका होया.” तेव्हापासून मंगळवारी आणि शुक्रवारी ती बसने तुयेला जाते. मंडपवाल्याची एक वेबसाईट झाली, काजूच्या कारखान्याची चालू आहे. मंडपवाल्याने सही करायला तीन शनिवार घेतले, असं ती सांगत होती. पन्नाशीला आली आहे. गळ्यात टेप अजून असते, तुयेलासुद्धा. काढायची आठवण राहत नाही.

ती नसते त्या दिवशी दुकानात नोंदी गोकुळदास करतात, एका बोटाने. गेल्या मंगळवारी मी संमेलनासाठी आठ मावळे आणि एक वाघ सांगायला गेलो. त्यांनी चष्मा लावला, दहा मिनिटं घेतली आणि “जालें!” म्हणून माझ्याकडे अभिमानाने पाहिलं. बुधवारी सुमंगलेचा फोन आला.

“सर, संमेलन मे महिन्यात आहे का?”

“नाही गं. डिसेंबर.”

“मग बरं. शेटनी मे लिहिलाय, आणि वाघ मेमध्ये एका सर्कशीच्या प्रयोगाला आधीच दिलाय, म्हणून नुसते मावळे नोंदले गेलेत,” ती म्हणाली, आणि मला वाघाचा नंबर सांगितला.